विधवेचं शेवटचं वाक्य

तार आली तेव्हा मी एक विनोद बदलत होतो. लंडनहून आलेल्या आमच्या नाटकात धुक्यावर हसायची एक जागा होती. ऑस्ट्रेलियातल्या बेंडिगोत धुकं कुठलं? मी तिथे धूळ घातली. मग पोस्टमनला पाणी दिलं आणि तार उघडली. बहिणीच्या आजारपणासाठी होबार्टला गेलेली माझी बायको, हेस्टर, तिथेच तापाने गेली होती.

लग्न झालं त्या वर्षापासून हेस्टर या नाटकात विधवेचं काम करत होती. आधी सोन्याच्या खाणीवरच्या तंबूत. तिथे पडद्याला घोंगड्या असत आणि खाणकामगार तिला बटाटे भेट देत. फुलांहून बटाटा मोलाचा होता. मग लोकरीच्या कोठारात, मेंढ्यांच्या वासात. आणि शेवटी या पत्र्याच्या छपराच्या नाट्यगृहात. सोनं आटलं, गावं ओस पडली; नाटक चालत राहिलं.

शनिवारी दुपारचा खेळ ठरलेला होता. विधवेचं काम आमच्यातल्या तरुण नटीला, लेटीला दिलं.

नाटकाचं शेवटचं वाक्य आमच्यात तालमीत कुणी उच्चारत नाही. प्रेक्षकांवाचून नाटक पुरं केलं तर अपशकुन होतो. ते वाक्य विधवेचं, आणि साधंच: "चला, आता घरी जाऊ या." तालमीत ती जागा आली की हेस्टर ओठांवर तळहात ठेवून डोळ्यांनी हसायची.

"घाबरू नकोस गं," आमचा मॅनेजर पेनरोज लेटीला म्हणाला. "नुसती खोकलीस तरी हसतील. हे बेंडिगो आहे."

"आणि रडले तर?"

"तर पैसे परत मागतील मेले!"

खेळ रंगला. धुळीवरही हशा आला. शेवटी लेटीने तोंड उघडलं... आणि आवाजच फुटला नाही. उन्हाने छपराचे पत्रे कडकड वाजत होते, तेवढंच ऐकू येत होतं. पेनरोजने पडदा पाडला.

विंगेत आल्यावर ती म्हणाली, "कुणीतरी तोंड दाबलं माझं... गार हात होता. हातमोजा घातलेला."

"उकाड्याने भोवळ आली असेल, पोरी," पेनरोज म्हणाला.

"आणि कानात म्हणालं... अजून तालीमच चाललीय."

पेनरोज माझ्याकडे बघेना.

पुढच्या खेळाला मेलबर्नहून नटी आणली. तीही तिथेच अडली. तिने सामान बांधलं आणि गाडी पकडली.

"आता ते वाक्य तूच म्हण, रूबेन," पेनरोज म्हणाला. "विंगेतून, मोठ्याने. नवरा आहेस तू हेस्टरचा, तुझं ऐकेल. नाटक पुरं झालं नाही तर हे लोक पुन्हा फिरकणार नाहीत रे."

"आणि पुरं झालं, तर ती पुन्हा येईल का?"



तिसऱ्या खेळाला लेटीच उभी राहिली, हट्टाने. ती जागा आली. तिने विंगेत माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं. हेस्टरच्या कपड्यांच्या पेटीतला कापराचा वास आला, आणि माझ्या ओठांवर एक तळहात टेकला.

लेटी म्हणाली होती तसा तो गार नव्हता. हातमोजाही नव्हता. उन्हातून चालत आलेल्या माणसाचा असावा तसा, किंचित घामेजलेला हात. अगदी हलका. मी तो बाजूला सारू शकलो असतो.

पेनरोजने वाट पाहून पडदा पाडला. ते वाक्य अजून कुणी म्हटलेलं नाही.