मागून येणारा मेहुणा

तुम्ही उद्या त्या कड्याच्या वाटेने जाणार म्हणता, म्हणून सांगतो. घाबरवायला नाही. दिवा जरा मोठा करा.

मी या उद्यानात वनरक्षक आहे. समुद्राच्या कडेने जाणाऱ्या पायवाटा बघायच्या, आडवी पडलेली झाडं बाजूला करायची, खडकावरचे पुसट झालेले बाण रंगवायचे. त्या दिवशी वादळाचा इशारा आला होता. कड्याच्या टोकाला कोणी फिरायला आलेलं अडकलं नाही ना ते बघायचं आणि येताना वाटेला साखळी लावायची, एवढंच काम होतं. दुपारची जेवणं झाली होती. आमच्याकडे राहायला आलेला मेहुणा म्हणाला, मीही येतो. त्याचं केस कापायचं दुकान. एक वेळ कात्री थांबेल, जीभ थांबायची नाही. निघताना बायकोने मला बाजूला घेतलं आणि बजावलं, आईचा एकुलता एक आहे, त्याला कडेला जाऊ देऊ नका.

टोकाला कोणी नव्हतं. आम्ही परत फिरलो आणि समुद्रावरून धुकं वर चढलं. हां हां म्हणता पुढचं झुडूप दिसेना. वारा पडला. ओल्या शेवाळाचा जड वास आला आणि लाटांचा आवाज पायांखालून येतोय असं वाटायला लागलं. वाट एकाच माणसापुरती. मी पुढे, तो मागे. मी त्याला सांगितलं, बोलत राहा, म्हणजे तू आहेस हे मला कळेल. त्याला हे सांगायची गरजच नव्हती. दुकानातल्या एका गिऱ्हाइकाची गोष्ट त्याने लावली. अर्धी मिशी उतरवून झाली आणि गृहस्थ खुर्चीतच घोरायला लागले, इथवर गोष्ट आली, तेवढ्यात उजवीकडून, कड्याच्या बाजूने, हाक आली.

“भाऊजी, थांबा ना. मला वाट दिसत नाहीये.”

आवाज मेहुण्याचा. आणि मागची गोष्ट अजून चालूच होती.

मी थांबलो. मागची पावलंही थांबली, गोष्टही थांबली. मान वळवली, तर नुसतं पांढरं. हाताच्या अंतरावर कोणीतरी श्वास घेत होतं, एवढंच. काय करावं सुचेना, म्हणून मी विचारलं, “ताई तुला घरात काय म्हणते?”

“बोक्या.”

मागून आणि उजवीकडून. एकाच दमात, एकाच सुरात.

मग मागचा हळूच म्हणाला, “चला भाऊजी. तो मी नाहीये...”

आणि कड्याकडचा म्हणाला, “भाऊजी... तुम्ही कोणाशी बोलताय?”

मी उजवीकडे एक पाऊल टाकून बघितलं. पायाखालचा दगड सुटला. तो खाली पडल्याचा आवाज मला आलाच नाही. मी मागे सरलो, पाठीमागे हात केला आणि त्या हातात एक हात आला. ऊबदार, साबणाच्या पाण्याने मऊ पडलेला. तो घट्ट धरून मी चालत सुटलो. उजवीकडचा आवाज बराच वेळ सोबत येत होता. किंचाळला असता तर बरं, असं वाटत होतं. तो नुसता समजावल्यासारखा म्हणत होता, भाऊजी... भाऊजी... मग मागे पडला.

चौकीत पोचल्यावर मी उजेडात त्याचं तोंड नीट पाहिलं. तोच. कानामागचा तीळ तोच. त्याला खुर्चीत बसवलं आणि दोर घेऊन दोन सहकाऱ्यांसह परत गेलो. वादळ डोक्यावर येईपर्यंत शोधलं. समुद्र शांत झाल्यावर कड्याखाली होडी नेली. कोणी सापडलं नाही. कोणी हरवल्याची तक्रारही कुठे आली नाही. मेहुण्याला त्या आवाजाबद्दल विचारलं.

“कसला आवाज, भाऊजी? मीच तर बोलत होतो.”

चार दिवस राहून तो आपल्या घरी गेला. दुकान पुन्हा सुरू झालं, गिऱ्हाइकं खूश आहेत. बायकोला मी यातलं काही सांगितलं नाही. काय सांगणार? भाऊ धडधाकट आहे तिचा.

पण परवा सासूबाईंचा फोन आला. त्या गावाकडे एकट्या राहतात, मेहुणा त्यांना रोज संध्याकाळी फोन करतो. बायकोला फोन देऊ लागलो, तर म्हणाल्या, नको, तुमच्याशीच बोलायचंय. त्याच्या घरी आणखी कोण राहतं, असं विचारलं त्यांनी. मी म्हटलं, कोणी नाही, एकटाच आहे. त्या म्हणाल्या, त्याचं प्रत्येक वाक्य मला दोनदा ऐकू येतं. फोनमध्ये आवाज घुमत असेल, असं मीच म्हटलं. आपलेच शब्द मागाहून पुन्हा ऐकू येतात कधीकधी.

“मागाहून नाही हो,” त्या म्हणाल्या. “लांबून कोणीतरी आधी बोलतं... मग हा तेच म्हणतो.”