बरी झाल्याबद्दल शिक्षा

विद्यार्थी तक्रार अर्ज, जिल्हा शिक्षण कार्यालय (सर्व रकाने भरावेत)

अर्जदाराचे नाव व इयत्ता: निर्झरा खाडे, सहावी. मुक्काम मिरज.

तक्रार कोणाविरुद्ध: आमच्या शाळेच्या फाटकाविरुद्ध.

तक्रारीचे स्वरूप (तीन ओळींत):
तीन ओळींत मावणार नाही. ज्याने या ओळी आखल्या, त्याला कधी फाटकाबाहेर उभं केलेलं नसणार. मी मागच्या कोऱ्या बाजूला लिहिते आहे. पान उलटावे.

मागची बाजू

शाळा उघडली तेव्हा फाटकात नवीन यंत्र बसलं. बोट ठेवायचं, मुंगी चावल्यासारखं होतं, यंत्र रक्ताचा थेंब घेतं आणि हिरवा दिवा लागतो. सोमवारी सगळ्यांना हिरवा लागला. मला लाल. आतून चिठ्ठी आली:

*कांजिण्यांची प्रतिपिंडे: आढळली.*
*लसीची नोंद: नाही.*
*निष्कर्ष: रुग्ण. घरी जा.*

माझ्या अंगावर एकही फोड नव्हता. ताप नव्हता. कांजिण्या मला दिवाळीत झाल्या होत्या. नऊ दिवस खाजवायचं नाही म्हणून आईने हातांना मोजे घातले होते. त्याला आठ महिने झाले. मग खोटं कोण बोलत होतं, मी की यंत्र?

मुख्याध्यापिका पाटोळेबाई म्हणाल्या की यंत्राला राग-लोभ नसतो, म्हणून ते चुकत नाही. लाल दिवा लागायचा थांबला की ये. तोवर मागून पाचवीतली पोरं आली आणि एक जण म्हणाला, "ए कांजिणे, लांबून चाल." माझ्याच बाकावर बसणाऱ्या तस्लीमने दप्तर पोटाशी धरलं. त्याचा राग मला यंत्रापेक्षा जास्त आला.

साक्षीदार: बकुळ खाडे, माझी चुलत बहीण. डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

मी चिठ्ठी घेऊन गेले तेव्हा बकुळताई येरझाऱ्या घालत पाठ करत होती. तिची प्रतिकारशास्त्राची (शरीर रोगाशी कसं लढतं त्या अभ्यासाची) तोंडी परीक्षा होती. लेखीत ती नापास झाली होती. चिठ्ठी पाहून पाठ केलेलं घडाघडा म्हणावं तशी ती म्हणाली की प्रतिपिंडे म्हणजे रोगाची खूण. मी रडायला लागले. ती थांबली. वही उघडली, मिटली.

"चुकीचं बोलले मी," ती म्हणाली. "लेखीतही हेच चुकले होते. बस इथे."

तक्रारीचे स्वरूप, पुढे चालू

ताईने सांगितलं ते असं.

विषाणू (डोळ्यांना न दिसणारा रोगाचा कण) शरीरात शिरला की आधी भक्षक पेशी धावतात. त्या समोर येईल ते खातात, निवडत बसत नाहीत. विषाणू त्यांना पुरून उरला, तर काम बी पेशींकडे जातं.

बी पेशी शिंप्यांसारख्या असतात. शरीरात असे कोट्यवधी शिंपी आहेत, पण प्रत्येकाकडे एकच माप. विषाणूच्या अंगावर एक ठरावीक आकार असतो, त्याला प्रतिजन म्हणतात. ज्या शिंप्याचं माप त्या आकाराला बसतं, तोच कामाला लागतो. मी विचारलं की लगेच? ताई म्हणाली, नाही. आधी टी पेशी (छातीतल्या थायमस ग्रंथीत तयार होणाऱ्या) तपासतात. दोघींचं जुळलं, तरच काम जोरात सुरू होतं.

म्हणजे माझं शरीरसुद्धा सहसा एकाच पेशीच्या सांगण्यावर बोंब मारत नाही. आणि हे फाटक! त्याने कुणाला विचारलं?

ताईने मला शांत केलं आणि पुढे सांगितलं. तो शिंपी एकाचे हजारो होतो आणि सगळे एकच वस्तू शिवतात. ती म्हणजे प्रतिपिंड (विषाणूला जाऊन घट्ट चिकटणारा आणि त्याला निकामी करणारा कण). आधी घाईत, ढोबळ टाक्यांची शिवतात. त्याचं नाव आयजीएम. ती काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत संपतात. मग नेटकी, बरोबर मापाची शिवतात. त्याचं नाव आयजीजी. ती वर्षानुवर्षं टिकतात. आणि काही शिंपी ते माप जपून ठेवतात. त्यांना स्मृतिपेशी म्हणतात. तोच विषाणू पुन्हा आला, तर या वेळी कपडा दोन-तीन दिवसांत तयार.

बोलता बोलता ताईने चिठ्ठी उजेडात धरली. खाली अगदी बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती:

*आयजीएम नाही. आयजीजी आहे.*

म्हणजे यंत्राने खरं तेच पाहिलं होतं. निष्कर्ष खोटा काढला होता.

हा रकाना छापील नाही, मी आखला आहे: लाल दिवा कधी जाणार?

हे मी ताईला विचारलं.

"वीस वर्षं. कदाचित कधीच नाही."

तेव्हा मला कळलं की बाईंनी मला जन्मभरासाठी घरी पाठवलं आहे आणि हे त्यांनाही माहीत नाही.

मग बाकीच्यांना हिरवा का? त्यांच्याही रक्तात हीच प्रतिपिंडे आहेत, लसीमुळे. लस म्हणजे शिंप्यांना दिलेलं माप, आजारपणाशिवाय. पण त्यांच्या नावापुढे लसीची नोंद आहे, म्हणून यंत्र त्यांना सोडून देतं. माझे आईबाबा जतच्या माळावर सौरफलक बसवतात. लसगाडी तीनदा आली. तिन्ही वेळा आम्ही पुढच्या माळावर गेलो होतो. मला लस मिळाली असती तर मी आनंदाने घेतली असती. नऊ दिवस मोजे घालायची हौस नव्हती मला. आधी लस चुकली म्हणून आजारी पडले, आता बरी झाले म्हणून शिक्षा.

पुरावा: शनिवारी सकाळी, फाटकासमोर.

ताई माझ्याबरोबर आली. तिचा आवाज कापत होता, परीक्षकांसमोर कापतो तसा. तिने आयजीएम, आयजीजी सगळं नीट सांगितलं. पाटोळेबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की त्या काही डॉक्टर नाहीत, आणि ताईही अजून झालेली नाही.

मग मी म्हणाले, "बाई, तुम्ही बोट ठेवा."

शिक्षकांची तपासणी नसते, असं त्या म्हणाल्या. शिपाई हणमंतमामा म्हणाले, "ठेवून बघा की बाई, मुंगीच चावतीय." मुलं जमली होती. बाईंनी बोट ठेवलं.

लाल.

*रुग्ण. घरी जा.*

हणमंतमामांनी ठेवलं. त्यांनाही लाल. कुणी हसलं नाही. बाई स्वतःच्याच शाळेबाहेर उभ्या होत्या आणि चिठ्ठीतली बारीक ओळ पुन्हा पुन्हा वाचत होत्या.

"मला तिसरीत आल्या होत्या कांजिण्या," त्या शेवटी म्हणाल्या. "पंचेचाळीस वर्षं झाली." आणि मग हळू आवाजात, "सहा दिवस ही पोर बाहेर होती."

त्यांनी बाजूचं छोटं दार स्वतः उघडलं. मला आधी आत जाऊ दिलं. मी गेले, पण त्यांच्याकडे पाहिलं नाही. अजून राग गेलेला नाही आणि अर्जात खोटं लिहायचं नसतं.

मागणी:
यंत्राने आजार शोधायचा असेल तर विषाणू शोधावा, बरं झाल्याची खूण नव्हे. ताई म्हणते की हे अवघड नाही, असं यंत्र नक्की बनेल. बनवणाऱ्यांत आपणही असू, असं ती म्हणते. काल, सोमवारी, तोंडी परीक्षेत ती पास झाली.

पण ते बनेपर्यंत थांबता येणार नाही. तोवर चिठ्ठीतली बारीक ओळ वाचूनच कुणाला घरी पाठवायचं ते ठरवावं. हेच यंत्र जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांत बसलं आहे. पलीकडच्या वस्तीवरच्या शाळेतले दोघं बहीणभाऊ नऊ दिवसांपासून घरी आहेत. त्यांचे आईवडीलही फलक बसवतात. त्या दोघांना वाटतं की आपल्या रक्तात काहीतरी घाण आहे. उद्या मी आणि ताई त्यांच्या घरी जाणार आहोत. तुमचं उत्तर त्याआधी आलं तर बरं. नाही आलं तरी आम्ही जाणार आहोत.

अर्जदाराची सही: निर्झरा खाडे
पालकाची सही: बाबा माळावर आहेत. ताईने केली आहे.