बंद घरातलं नेट

भात लागला होता, आणि ते सलोनीच्या आधी दुसऱ्याच कोणाला तरी कळलं होतं.

दोन हजार तीन साल, दिवाळी नुकतीच होऊन गेलेली. भाईंदर पूर्वेला, इमारती संपून मिठागरं सुरू होतात त्या कडेला एक चार मजली इमारत आहे. तिच्या सी विंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, गॅसवर भात ठेवून ही बया कंप्युटरपुढे बसली होती. आई भिशीला गेलेली, बाबा अजून कामावर. तिन्हीसांजेला खाडीकडून खारं वारं सुटलं की नेटचा जीव जायचा, हे तर रोजचंच. आजही पान अर्धवट उघडून थिजलं होतं... आणि त्या थिजलेल्या पानावर, मधोमध, एक करडी चौकट उगवली. वर नाव होतं विमल. खाली इंग्रजी अक्षरांत मराठी शब्द.

‘भात लागतोय.’

ती धावली. पातेलं उतरवलं, बोट भाजून घेतलं, आणि परत येऊन बसल्यावर कुठे तिच्या डोक्यात उजेड पडला. नेट बंद आहे. मग हे आलं कुठून?

आता, सलोनीला नेटची एवढी निकड का, ते सांगायला हवं. तिला एक स्थळ आलं होतं. मुलगा निकेत, मूळचा रत्नागिरीकडचा, नोकरीला मस्कतला, आई-वडीलही तिथेच. पाहण्याचा कार्यक्रम वेबकॅमवर. दोनदा सगळे नटूनथटून पडद्यापुढे बसले, आणि दोन्ही वेळा निकेतचा चेहरा दिसला न दिसला तोच गोठला. ओठांवर अर्धं हसू, मान जराशी कलती. तो तसाच कितीतरी वेळ पडद्यावर राहिला. आई म्हणाली, काय गोड हसतो गं! सलोनीलाही ते हसू आवडलं, खोटं कशाला बोला. माणूस मात्र एका शब्दानेही भेटला नव्हता. तिसरी आणि शेवटची खेप पंधरवड्यानंतरच्या रविवारी ठरली होती, आणि त्याच बैठकीत होकार की नकार ते सांगायचं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने केबलवाल्या लीलाधरभाईला फोन लावला. नेट त्याचंच. गच्च्यांवरून वायरी टाकून त्याने अर्धा भाईंदर बांधून ठेवला होता, आणि तक्रार कसलीही असो, उत्तर एकच: कंप्यूटर बंद करके चालू करो, बेन. आज मात्र करड्या चौकटीचं ऐकून तो थबकला. लाइन बंद असताना काही येऊच शकत नाही, म्हणाला. आणि सी विंगचा डबा, जिथून सगळ्यांच्या वायरी फुटतात, तो चौथ्या मजल्यावर विमलाबाईंच्या घरात आहे. घराला कुलूप, चावी कोणाकडे ते ठाऊक नाही, त्यात तो काय करणार?

“विमलाबाई कुठे गेल्या?” सलोनीने विचारलं.

“वो तो ऑफ हो गयी, बेन. होली के टाइम पे.”

म्हणजे बाई होळीलाच वारल्या होत्या. ही मंडळी गणपतीत इथे राहायला आलेली. वरच्या घराची त्यांना काय कल्पना! उरलेलं तळमजल्याच्या इंदुबाईंनी सांगितलं. इंदुबाई दिवसभर जिन्याच्या तोंडाशी स्टूल टाकून बसायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला टोकल्याशिवाय सोडायच्या नाहीत. विमलाबाई जवळच्या राई गावच्या, एकट्या, गच्चीवर बोंबील वाळवून विकायच्या, असं त्या म्हणाल्या. मग आवाज उतरवून म्हणाल्या, “दाराला कुलूप आहे, पण तिन्हीसांजेला वर दिवा दिसतो गं. जीव अडकलाय बाईचा. तुम्ही बरोब्बर खालीच राहता, जपा हो.”

एखाद्या शहाण्या मुलीने वायर उपटून टाकली असती. सलोनी दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला केस विंचरून कंप्युटरपुढे हजर! नेट गेलं. मिठागरांवर करडा उजेड पसरला, आणि चौकट उगवली.

‘खिडकी लाव. खारं वारं मशीन खातंय.’

कंप्युटरच्या कोर्समध्ये शिकलेली एक युक्ती आठवून तिने उलट निरोप धाडला. कोण आहात?

‘कोणी न्हाय.’

तिच्या मानेवर काटा आला. तरी तिने विचारलंच: जिवंत आहात का? खिडकीची काच वाऱ्याने वाजत राहिली. मग उत्तर आलं.

‘हाय अजून.’

‘मग पाय आपटून दाखवा.’

डोक्यावर धप्प असा आवाज झाला. छताचा चुना भुरभुरत कीबोर्डवर पडला. आई स्वयंपाकघरातून उलथनं घेऊन बाहेर आली, शेजारणीला सोबत घेऊन वर जाऊन बघून आली. कुलूप जागच्या जागी, गंजलेलं, त्यावर कोळ्याचं जाळं. आई खाली आली. मीठमोहऱ्या घेऊन तिने लेकीची दृष्ट काढली आणि त्या रात्री सगळे दिवे चालू ठेवून झोपली.

पण भीतीलाही सवय लागते बघा. रोज नेट मेलं की सलोनीचं काळीज धडधडायचं, आणि चौकट यायला उशीर झाला तर जास्तच. येणाऱ्या निरोपांतल्या ‘येतो-जातो’वरून हळूहळू कळलं की वर बसलंय ते बाईमाणूस नव्हे. तेव्हा ती भडकली. म्हातारीचं भूत एक वेळ परवडलं, हा कोण टिकोजीराव आपलं घर ऐकत बसतो? तिने चांगलं खरमरीत लिहिलं. त्याने साधं उत्तर दिलं: वास हवेच्या डक्टमधून वर येतात, त्याला तो काय करणार. ऐकत तो काही नाही.

‘गातेस, तेवढं मुद्दाम ऐकतो.’

तिने पडद्याकडे पाठ फिरवली. एकटीच होती, तरी पदर नसलेल्या खांद्यावरून पदर सावरल्यासारखं केलं. मग वळून लिहिलं, ‘एवढं आहे तर खाली का येत नाही? बोलत का नाही?’

‘दिवा जळतोय तोवर बोलायचं न्हाय.’

हे वाचून तिला हुडहुडी भरली. कसला दिवा, कोणासाठी, हे विचारायचा धीर झाला नाही. पण आपण ज्याच्या नादाला लागलोय तो माणूस आहे की नाही हे माहीत नसताना आपल्याला तो हवासा वाटतोय, एवढं तिला स्वच्छ कळलं होतं, आणि त्याचीच तिला सगळ्यात जास्त भीती वाटली.

शनिवारी तिने उद्याचं सांगितलं. नेट नीट चाललं नाही तर स्थळ जाईल, आईने देव पाण्यात ठेवलेत, आणि लीलाधरभाई म्हणतो संडे को छुट्टी, मंगलवार को आदमी भेजेगा. वर पावलं वाजली, थांबली.

‘तुला पायजे का तो?’

‘घरच्यांना पाहिजे.’

‘तुला इचारलं.’

सलोनीने किती वेळा लिहिलं, किती वेळा पुसलं. शेवटी खरं तेच लिहिलं: ‘माहीत नाही. मी त्याला नीट पाहिलेलंच नाही. एकदा नीट दिसू दे, एवढंच मागणं आहे.’

‘दिसल,’ असं उत्तर आलं.

रविवारी तिन्हीसांजेला खारं वारं असं सुटलं की जिन्यातले बल्ब हलायला लागले. आणि नेट? कधी नव्हे ते झऱ्यासारखं वाहत होतं. आईने डोळे मिटून हात जोडले. पडद्यावर निकेत आला, आणि हलला. बोलला. त्याचं ते अर्धं हसू... ते हसू नव्हतंच. तो कोणाला तरी चहा आणायला सांगत होता आणि तेव्हा तोंड तसं व्हायचं त्याचं. माणूस वाईट नव्हता हो. पण सगळा वेळ तो पडद्याच्या कोपऱ्यातलं स्वतःचंच चित्र बघत केस नीट करत होता. बाबांना त्याने फ्लॅटचा एरिया विचारला, आईला तिखट किती खाता ते विचारलं. सलोनीला काहीच विचारलं नाही. गेले किती दिवस जपलेलं ते हसू तिच्या मनातून उतरलं, आणि मागे काही उरलं नाही.

निकेतच्या आईने तिकडून होकार दिला. आता तुमचं काय ते सांगा म्हणाली, आणि तोवर मोठी माणसं मुहूर्ताचं बोलायला लागली. चहाचं निमित्त करून सलोनी उठली.

तिचं लक्ष केव्हापासून छताकडे होतं. वर आज पाऊल वाजलं नव्हतं. चौकट आली नव्हती. खालून इंदुबाईंचा आवाज आला, त्या कोणाला तरी सांगत होत्या की आज वर दिवा नाही दिसत, सुटली बिचारी एकदाची. सुटली? म्हणजे तो...? ती जिना चढून गेली. विमलाबाईंच्या दाराला तेच गंजलेलं कुलूप. तिने दार ठोठावलं, कान लावला. आत काही नाही, श्वाससुद्धा नाही. फक्त दाराच्या वरच्या भोकातून एक काळी वायर निघून भिंतीकडेने गच्चीवर गेली होती. ती वायरीच्या मागे मागे वर गेली.

गच्चीवर जवळजवळ अंधारलं होतं. दूर मिठाचे ढीग पांढरे दिसत होते. पाण्याच्या टाकीशी कोणीतरी ओणवं उभं होतं, उघड्या अंगाने, दोन्ही हात भिंतीत खुपसल्यासारखे. माघारी पळायचं तिच्या अगदी ओठांशी... छे, पायांशी आलं होतं.

“पुढं येऊ नको, पायात वायर हाय,” ते म्हणालं.

आवाज माणसाचा होता. वाऱ्याने बसलेला, थकलेला, तिशीच्या आतला.

“तू... विमल?”

“विमल माझी आत्या. कंप्युटरला तिचं नाव दिलं मी. मी साईराज.”

मग त्याने सांगितलं, तोंड वळवायचं तर हात हलेल म्हणून भिंतीकडे बघतच. आत्यानेच बोंबील विकून त्याच्या शिक्षणाचा खर्च केला, तिच्याच घरात तो कंप्युटरवर शिकला. ती गेल्यावर घरातलं कोणी तिथे पाय ठेवेना, म्हणून वर्ष होईपर्यंत रोज तो दिवा लावायला यायचा, घोडबंदरच्या कारखान्यातून सुटून थेट. त्याच्या आजीने घालून दिलेली रीत अशी की दिव्यासाठी निघाल्यापासून दिवा शांत होईपर्यंत बोलायचं नाही, कोणाचं टोकणंही घ्यायचं नाही. सी विंगच्या जिन्याशी इंदुबाई! म्हणून तो ए विंगने चढून गच्च्यांवरून यायचा, आणि आत्याने बोंबील वर न्यायला करून घेतलेल्या लोखंडी पायऱ्यांनी मागच्या गॅलरीत उतरायचा. बाहेरचं नेट गेलं तरी इमारतीतल्या वायरी जोडलेल्याच असतात, हे त्याला ठाऊक होतं. तोंड बंद होतं, बोटं मोकळी होती.

“मग आज कसा बोलतोस?”

“आज दिवा लावलाच न्हाय.” त्याचे दात वाजत होते. लाइनचा जोड खाऱ्या वाऱ्याने खाल्लाय, हिरवा पडलाय, चाप तुटलाय. शर्ट गुंडाळून दाबून धरला तरच चालतो आणि हात काढला की नेट जातं, म्हणाला. “आत्या समजून घेईल एक दिवस.”

“कधीपासून उभा आहेस असा?”

“तुझा पाव्हणा आला तवापासून.”

“पण का?”

“तुला त्याला नीट बघायचं होतं ना.”

सलोनीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. अख्ख्या भाईंदरात कोणी तिच्यासाठी एवढं केलं नव्हतं, आणि केलं ते कोणासाठी? तर दुसऱ्याचं तोंड नीट दिसावं म्हणून.

“बघितलं मी त्याला,” ती म्हणाली. “सोड ती वायर.”

“बोलणं झालं?”

“नाही. माझ्या होकारासाठी थांबलेत. तू सोड ना, आपोआप मिटेल. सगळे लीलाधरला शिव्या घालतील आणि गप्प बसतील.”

साईराजने मान हलवली. “असं न्हाय. वायरीला न्हाय म्हणायला लावू नको. मंगळवारी ते परत जोडतील, मग परत काय करशील? तुझं काय ते तोंडानं सांगून ये. मी धरतो तोवर.”

“आणि मी हो म्हणाले तर?”

त्याने जोड आणखी घट्ट दाबला. “तरी धरतो,” म्हणाला.

सलोनी खाली गेली. चहा नव्हता तिच्या हातात, आई बघतच राहिली. ती कॅमेऱ्यापुढे बसली, केसही न सावरता, आणि म्हणाली की निकेत, तुम्ही चांगले आहात, पण माझं मन दुसरीकडे आहे, हे लग्न मी करणार नाही. शब्द न् शब्द न तुटता मस्कतला पोचला. तिकडे कोणीतरी कप खाली ठेवला, त्याचाही आवाज आला.

“आवाज नीट आला नाही,” निकेत म्हणाला. “परत सांगता?” आवाज स्वच्छ गेला होता, ते त्यालाही माहीत होतं. बिचाऱ्याने तिला विचारलेला तो पहिलाच प्रश्न. तिने परत सांगितलं, तितकंच हळू, तितकंच स्पष्ट. मग आई-बाबांकडे बघून म्हणाली की काय बोलायचं ते मला बोला, येते मी थोड्या वेळात. आणि त्यांना तोंड उघडायला सवड न देता जिना चढली.

तो तसाच उभा होता. आता अंधार इतका की नुसती पाठ दिसत होती.

“सांगितलं,” ती धापा टाकत म्हणाली.

“काय?”

“तुला काय वाटतं?”

“मला काय वाटनार... माझे हात बधिर झालेत.”

सलोनी हसली, रडता रडता हसली. अगदी जवळ जाऊन उभी राहिली. “मग सोड ती आता,” ती म्हणाली. “आणि माझा हात धर.”

साईराजने हात काढला. सगळ्या सी विंगचं नेट एकदम गेलं, आणि कुठल्या तरी मजल्यावरून कोणी लीलाधरभाईच्या नावाने बोंब ठोकली. त्याच्या बोटांवर जोडाचा हिरवा डाग होता, ती बर्फासारखी गार पडली होती. तिने ती दोन्ही हातांत घेऊन चोळली. मग ती दोघं लोखंडी पायऱ्या उतरून विमलाबाईंच्या अंधाऱ्या घरात गेली आणि दिवा लावला. दिवा लागला म्हणजे बोलणं बंद. खालून आई सलोनीला हाका मारत होती, बाबा मारत होते, शेवटी इंदुबाईही मारायला लागल्या, आणि वरच्या बंद घरातून कोणीच ओ दिली नाही.