ठोक्या गवंडी मोजायला शिकला

"ऐकलंस? पुन्हा!" फर्गसने सॉसेज रोलचा घास तसाच तोंडात ठेवून भिंतीला कान लावला.

ठक... ठक... ठक!

यॉर्कमधल्या जुन्या सभागृहाच्या अंगणात सुट्टीची गर्दी होती. भिंतीत चिणल्या गेलेल्या ठोक्या गवंड्याचं भूत आतून हातोडी आपटतं, ही गोष्ट गावातल्या पोराटोरांनाही पाठ! आवाज येताच पर्यटकांनी टाळ्या वाजवल्या.

"पण पर्यटकांना फिरवून ही गोष्ट सांगणारे थ्रेलफॉल आजोबा कुठायत?" फर्गसची मोठी बहीण हेटी म्हणाली. "अकराची फेरी त्यांनी कधी चुकवलीय का?"

"घाबरलीस ना?"

"गप रे, ऐकू दे!"

तिने एक दगड उचलून भिंतीवर पाच ठोके दिले. मग आतून बरोबर पाच ठोके आले! हेटीने दोन दिले. दोनच आले!

"बापरे! हे भूत शाळेत गेलंय!"

"भूत कसलं? माणूस आहे, या भिंतीखालच्या तळघरात!"

दोघं रखवालदाराच्या खोलीकडे धावली. पिकर्सगिलकाका चहा पीत शब्दकोडं सोडवत होते.

"गरम पाण्याच्या नळ्या वाजतात त्या! तळघराला मी सकाळीच कुलूप लावलंय."

"आत बघून?"

"रोज कोण बघतं? पळा!"

"नळ्यांना मोजता येतं का हो काका?" हेटीने विचारलं. काकांनी हसून पुन्हा कोड्यात डोकं घातलं.

हेटीने फर्गसला अंगणात ओढलं. आतला माणूस जखमी असला तर? ती फर्गसच्या कानात काहीतरी कुजबुजली. तो टुणकन बाकावर चढला.

"मंडळी! भूत तुमच्या प्रश्नांना उत्तरं देणार! तळघराच्या दाराशी चला, फुकट!"

पाहता पाहता चाळीसेक माणसं दार बडवू लागली. काका लालबुंद होऊन किल्ली घेऊन आले. "बघा एकदाचं, आत कोणी नाहीये!"

दार उघडलं. पायऱ्यांच्या तळाशी थ्रेलफॉल आजोबा पडले होते! घोटा सुजून टम्म झालेला, हातात काठी. जाड दगडांतून त्यांची हाक बाहेर पोचतच नव्हती.

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. "मी... मी कुलूप लावताना हाकसुद्धा मारली नाही. पोरांनो, चुकलं माझं. तुम्ही होतात म्हणून बरं!"

रुग्णवाहिका आली. स्ट्रेचरवरून आजोबांनी हेटीचा हात घट्ट धरला.

"चाळीस वर्षं या भुताची गोष्ट ऐकवतोय, पोरी. सगळे टाळ्या वाजवतात नि निघून जातात. त्याला उलट प्रश्न विचारणारी तू पहिलीच!"