रिकाम्या खोलीचं चित्र

आमच्या कामातली निम्मी मेहनत वजाबाकीत जाते. ताऱ्यांमधल्या ढगांतली धूळ इतकी गार असते, की साध्या दुर्बिणीला तिथे नुसता काळोख दिसतो. दूर-अवरक्त किरणांत मात्र ती मंद उजळते. पंचाईत अशी, की त्या किरणांत आरसा, हवा, खुद्द दुर्बीण, सगळंच उजळतं. म्हणून शेजारच्या रिकाम्या आकाशाचं चित्र घ्यायचं आणि ते मूळ चित्रातून वजा करायचं. उरेल तो ढग.

ताईला असाच एक ढग सापडला होता. आम्ही दोघी बहिणी एकाच प्रयोगशाळेत, शेजारशेजारी बसायचो. संचालकांनी चित्र पाहिलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "हा कॅमेऱ्याचा दोष आहे. पुसून टाका." वर दोष आणि आकाश यांतला फरक कळत नाही, असा ठपका ठेवून तिला कामावरून काढलं. गेल्या हिवाळ्यात भाड्याच्या खोलीत, हीटर बंद पडलेला असताना, ताई गेली. डॉक्टर न्यूमोनिया म्हणाले. मी संचालकांचं नाव घेते. कारण पुढे तोच ढग त्यांनी नाकावर टिच्चून स्वतःच्या नावावर जाहीर केला, आणि आज त्याचा सोहळा होता.

सकाळी आईनं विचारलं, "तिचं नाव घेतील ना गं?"

"घ्यायला लावीन," मी म्हटलं. कसं, ते मलाही ठाऊक नव्हतं.

पाहुण्यांना गंमत म्हणून चाचणीचा कॅमेरा मांडला होता. समोर उभं राहायचं आणि पडद्यावर आपल्या अंगाची ऊब बघायची. वजाबाकी इथेही आलीच. कोणी यायच्या आत मी दार लावून रिकाम्या खोलीचं चित्र घेतलं. माझ्या शेजारी ताईची लोखंडी खुर्ची होती. तिच्यावर अजून कोणी बसत नाही. कोपर लागलं तर अंगावर काटा आला, इतकी ती गार होती.

पाहुणे आले. एका बातमीदार बाईंपेक्षा त्यांच्या हातातला चहा जास्त उजळला, तेव्हा सगळे खळखळून हसले. मग संचालक उभे राहिले.

त्यांच्या शेजारी पडद्यावर एक काळं भोक पडलं. उभट, अंगानं बारीक, त्यांच्या खांद्याएवढं.

कॅमेरे गार ठेवायला हेलियम भरणाऱ्या आमच्या तंत्रज्ञाला सगळे बर्फवाला म्हणतात. तो माझ्या कानाशी वाकला. "मघाशी रिकामं चित्र घेताना तिथे कोणी उभं होतं का? त्याची ऊब वजा झाली तर असं भोक पडतं."

"खोली रिकामी होती."

"मग आता तिथे काहीतरी भलतंच गार आहे."

संचालक दोन पावलं सरकले. भोकही सरकलं. ताई त्यांच्या खांद्याला लागायची.

मला भीती वाटायला हवी होती. वाटला तो आनंद, अगदी आसुरी.

"कॅमेऱ्याचा दोष आहे," संचालक पाहुण्यांना हसून म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "पुसून टाक तो."

"टाकते, सर. आधी एवढंच सांगा, हा ढग पहिल्यांदा कोणी पाहिला?"

बातमीदारांचे माईक पुढे झाले. घरी टीव्हीसमोर आई बसली होती.

"मी," ते म्हणाले.

भोक त्यांना चिकटलं.

पडद्यावर आधी त्यांचा खांदा विझला. मग छाती. मग चेहरा.

खोलीत ते तसेच उभे होते, हसत. एका पाहुण्यानं त्यांचा हात हातात घेतला आणि झटकन सोडला. "अहो, केवढा गार हात!"

संचालकांचे दात वाजायला लागले. त्यांनी तोंड उघडलं आणि ताईचं नाव घेतलं. पूर्ण नाव, आडनावासकट.

पुन्हा घेतलं.

पुन्हा.

कोणी कोट पांघरला, कोणी हीटर जवळ ओढला. त्यांना पाहुण्यांच्या खुर्चीत बसवलं, तरी ते थांबेनात.

आईचा फोन आला. ती रडत होती. "ऐकलं गं, ऐकलं." मग जरा वेळानं, हळू आवाजात, "पण ते थांबत का नाहीत?"

मी आधारासाठी शेजारच्या खुर्चीवर हात टेकला.

ताईची खुर्ची गरम होती.