रविवारी क्लासमध्ये कोण आलं होतं?

“दाब की मग,” रुद्र म्हणाला.

स्वप्नालीचं बोट ‘वाय’च्या बटनावर टेकलं होतं. डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, खरंच फॉरमॅट करायचं का, असं संगणक काळ्या पडद्यावर विचारत होता. वाय म्हणजे हो. एक बटन, आणि दरेकर सरांचा संगणक कोरा करकरीत झाला असता.

सायलीनं तिचा हात धरला. “नको. तू पुसलंस तर सर सगळ्यांना सांगतील, बघा, मी म्हणतच होतो. मग ते खरेच ठरतील.”

स्वप्नालीनं दात आवळून ‘एन’ दाबलं.

१९९७ सालच्या मे महिन्याची सुट्टी होती. शिरूरच्या बाजारपेठेत सायलीच्या आजोबांच्या, म्हणजे पोपटरावांच्या गाळ्यात दरेकर सरांचा क्लास चालायचा. वडगाव रासाईची स्वप्नाली आणि तिचा चुलतभाऊ रुद्र तिथं एसटीनं यायचे. सर डॉस शिकवत. माउस नाही, दाबायला चित्रं नाहीत. कमांड टाईप करायची आणि एंटर दाबायचं. स्वप्नालीला ते फार आवडलं होतं. तिचे आजोबा म्हस्कूआबा तरुणपणी मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडलेले. मेंढ्यांची नावं, मुक्कामाच्या जागा, कुठल्या दुखण्यावर कुठला पाला, सगळं तिनं त्यांना विचारून इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत संगणकात घातलं होतं.

गेल्या सोमवारी तिनं संगणक सुरू केला आणि सगळ्या मुलांच्या फाइली गायब. सरांचा भाचा सत्यजीत सुट्टीसाठी दौंडहून सरांच्या घरी आला होता. तो लगेच म्हणाला, “मामा, हिनंच काल शिकवलेली डिलीटची कमांड टाकली असणार.”

“काल रविवार होता. क्लास बंद होता,” स्वप्नाली म्हणाली.

“मग शनिवारी शिकवलेली,” सत्यजीत म्हणाला.

सरांनी काही तपासलं नाही. फी भरायला आलेली तिची आई, सिंधूबाई, दारातच उभी होती. तिच्यासमोर सर म्हणाले, “हिला घेऊन जा. मेंढरं राखायची अक्कल संगणकाला चालत नाही.”

आई एसटीत खिडकीबाहेर बघत राहिली होती, शिरूर ते वडगाव. त्या दिवसापासून स्वप्नालीच्या डोक्यात एकच गोष्ट होती. सरांनी आईसमोर मान खाली घालायची.

आज सर जेवायला जाताना सायलीला क्लासवर लक्ष ठेवायला सांगून गेले होते, आणि तिनं स्वप्नाली-रुद्रला हळूच आत घेतलं होतं. पुण्याचा मेकॅनिक येईपर्यंत तो संगणक कुणी वापरत नव्हतं.

“आता काय करायचं?” रुद्रनं विचारलं.

“यालाच विचारायचं.” स्वप्नालीनं फाइलींची यादी दाखवणारं ‘डीआयआर’ लिहिलं आणि पुढं तिरकी रेघ आणि प्रश्नचिन्ह टाकलं. कुठल्याही कमांडपुढं ते टाकलं, की ती काय काय करू शकते हे डॉस स्वतःच सांगतं. पडद्यावर मदत उमटली. लपवलेल्या फाइलीसुद्धा दाखवता येतात, असं त्यात होतं.

तिनं तशी कमांड दिली. डॉसच्या आपल्या दोन-तीन फाइलींखाली एक फोल्डर दिसलं. त्याचं नाव होतं ‘रेस’.

“गाड्यांचा गेम हाय ह्यो,” रुद्र कुजबुजला. “आन् तारीख बघ. रविवारची.”

“रविवारी कुलूप असतं,” सायली म्हणाली. “चावी फक्त सरांच्या घरी.”

गेमला जागा करायला मुलांची चित्रं आणि लिखाण पुसलं होतं तर. स्वप्नालीनं ‘अनडिलीट’ लिहिलं. पुसलेल्या फाइली एकेक वर आल्या. प्रत्येकीच्या नावाचं पहिलं अक्षर तेवढं गेलेलं, ते संगणक विचारत होता. सायलीचं चित्र परत मिळालं, रुद्रचं मिळालं. मग आबांची फाइल आली. तिच्या जागेवर गेम बसला होता. ती परत येणार नव्हती.

स्वप्नालीनं भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. मग म्हणाली, “शनिवारी पालकांना बोलावलंय ना? सायली, तुझ्या आजोबांना पुढच्या खुर्चीत बसव आणि ह्याच संगणकाचं काय झालं, ते विचारायला सांग. आमच्या आईला मी आणते.”

संगणक सुरू होताना जी फाइल आपोआप चालते, ती तिनं उघडली आणि त्यात चार ओळी घातल्या.

शनिवारी गाळा भरला होता. पोपटराव म्हणाले, “सर, तो बिघडलेला संगणक दावा की आम्हाला.”

सरांनी नाइलाजानं बटन दाबलं. पडद्यावर अक्षरं आली. सायलीनं मोठ्यानं वाचलं, “मुलांच्या फाइली कुणी पुसल्या? पुढे जाण्यासाठी कोणतंही बटन दाबा.”

सर थबकले.

“दाबा की,” पोपटराव म्हणाले.

सरांनी दाबलं. “रविवारी क्लासला कुलूप होतं. चावी कुणाच्या घरी होती?”

“दाबा, सर.”

सरांचं बोट खाली यायच्या आत मागून सत्यजीत धावत आला आणि त्यानं भिंतीवरचं बटनच बंद केलं. पडदा काळा झाला. त्याचं नाव अजून कुणीच घेतलं नव्हतं.

“तू कशाला पळालास रं?” पोपटरावांनी शांतपणे विचारलं.

सत्यजीतनं बटनावरचा हात मागे घेतला. सरांचे कान लाल झाले. ते सिंधूबाईंसमोर आले, मान खाली घातली आणि म्हणाले, “ताई, माझं चुकलं. मी तपासायला पाहिजे होतं.”

“माझ्याशी न्हाई,” सिंधूबाई म्हणाल्या. “तिच्याशी बोला.”

सर स्वप्नालीशीही बोलले. पोपटरावांनी तिची पाठ थोपटली. “डोकं हाय पोरीचं. बोल, काय बक्षीस पाहिजे तुला?”

“सत्यजीत पाहिजे,” स्वप्नाली म्हणाली. “आमच्या आबांचं सगळं त्यानं पुन्हा लिहायचं. आमच्या घरी येऊन.”

म्हणून पुढच्या आठवड्यात सत्यजीत वडगावला मेंढरांच्या वाड्यात पोत्यावर बसला होता. समोर आबा, मागे स्वप्नाली. लेंड्यांचा वास, माश्या आणि भर उन्हातली दुपार. आबा सावकाश सांगायचे, मध्येच तंबाखू मळायचे, मेंढीला हाक मारायचे. अखेर ते थांबले तेव्हा सत्यजीतनं बोटं चोळत कागद पुढे केले.

“झालं?” त्यानं विचारलं.

स्वप्नालीनं एकेक पान वाचलं. त्यात दोन मेंढ्यांच्या नावांची अदलाबदल झाली होती. ती तिथल्या तिथं खोडून दुरुस्त करता आली असती.

“पोरगं चुकलंय का गं?” आबांनी विचारलं.

“व्हय,” ती म्हणाली. “आबा, पुन्हा पहिल्यापासून सांगा.”