वाटीचं वजन

"आता कोणी संगणकवाली बाई येणार आणि माझ्या शंखांचे ठिपके करून ठेवणार! याचसाठी का मी जन्मभर वाळू उपसली?"

कपाटाआडून आलेली ही कुरकुर थेट तिच्या कानावर पडली. खांद्यावर लॅपटॉपची बॅग घेऊन ती नुकतीच संग्रहालयाच्या शंखदालनात शिरत होती.

"ठिपकेवाली आली आहे," ती म्हणाली. "वाळू उपसून झाली असेल तर टेबल दाखवा."

कपाटाआडून आधी विस्कटलेले केस आले, मग चष्मा, मग... रंगेहाथ पकडलेल्या चोरासारखे दोन डोळे. हा शंखांचा राखणदार. त्या दिवसापासून तो तिला ठिपकेवाली म्हणू लागला आणि ती त्याला शंखोबा.

काम तसं सरळ होतं. प्रत्येक शंखाची लांबी, रुंदी आणि वजन संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये घालायचं आणि त्रिमितीय आलेख काढायचा. एक शंख, एक ठिपका. आलेख संग्रहालयाच्या वेबसाइटवर चढवला, की घरबसल्या कुणीही ठिपक्यांचा हा ढग माउसने धरून हवा तसा फिरवावा. ठिपक्यावर बाण नेला, की शंखाचं नाव उमटावं. बरेच शंख आधीच मोजून झाले होते. उरलेले तो रोज मोजायचा, आकडे सांगायचा, आणि ती ते भरायची.

"या ठिपक्यांना गुलाबी रंग का दिलात?"

"आतून गुलाबी असतात ना ते? कालच तर तुम्ही एक कानाला लावून दाखवलात."

"कानाला लावलेला शंख आतून दिसतो होय?"

"मी कुठे शंखाकडे बघत होते..." ती बोलून गेली, आणि – घाईघाईने कीबोर्डवर वाकली.

तिकीटखिडकीत बसणारी त्याची आत्या दोघांना चहा आणून द्यायची, आणि कप ठेवायला लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ रेंगाळायची.

एकच खडा होता दाताखाली. दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या कंपनीने ठिपकेवालीला नोकरी देऊ केली होती. सोमवारी उत्तर कळवायचं होतं. इकडे संचालकही म्हणत होते, राहिलात तर फुलपाखरांची सगळी कपाटं तुमचीच. निर्णय तिचा होता, मान्य. पण एका माणसाने तोंडातून एक शब्द तरी काढावा! सोमवारचं नाव निघालं, की शंखोबा फडकं घेऊन शंख पुसायला लागायचा. आत्यासुद्धा तेवढ्यात "साखर पुरेशी आहे ना गं?" म्हणून विषय बदलायची.

शुक्रवारी आलेख तयार झाला. समोरून बघितला तर देखणा, भरघोस ढग. तिने तो माउसने धरून कुशीवर वळवला... आणि थबकली. ढगाच्या वर, दुधावरच्या सायीसारखा, ठिपक्यांचा एक पातळ थर वेगळाच तरंगत होता.

"हे शंख इतरांपेक्षा जड कसे?" एकेका ठिपक्यावर बाण नेत ती नावं वाचू लागली. "अहो... हे सगळे मी आल्यानंतर मोजलेले आहेत."

तो तिच्या खांद्यावरून वाकून बघत राहिला. मग त्याची नजर वजनकाट्याकडे गेली.

"वाटी!"

शंख वाटीत ठेवून तोलायचा, पण त्याआधी रिकामी वाटी ठेवून काटा शून्यावर आणायचा. इतक्या वर्षांत हे तो एकदाही विसरला नव्हता.

"मग आत्ताच कसे विसरलात?"

"काटा... जुना झालाय."

"काट्याला कशाला नावं ठेवतोस? तूच कामातून गेलायस," दारातून आत्या म्हणाली.

त्याचे कान लाल झाले. "म्हणजे आता सगळं पुन्हा मोजावं लागेल," तो आशेने म्हणाला. "महिना तरी जाईल. नाही?"

हो म्हणायला तिचं काय जात होतं? पण आकड्यांशी तिने कधी बेइमानी केली नव्हती.

"नाही. वाटीचं वजन वजा करायचं. एका ओळीचं काम आहे."

तिने ती ओळ लिहिली. तरंगणारा थर अलगद खाली उतरला आणि इतर ठिपक्यांत मिसळून गेला. थोड्याच वेळात आलेख वेबसाइटवर चढलाही. तिने लॅपटॉप मिटला – जितका सावकाश मिटता येईल तितका.

"येते मी."

त्याने फडकं उचललं. एक शंख उचलला. आत्याने "साखर–" म्हणून तोंड उघडलं आणि भाच्याकडे बघून मिटलं.

शंख कोरडाच होता, स्वच्छही. तो त्याने खाली ठेवला.

"तू आल्यापासून माझं लक्ष नाही... काट्यावर नाही, कशावरच नाही. सोमवारी त्यांना नाही म्हणून कळव. मला तू इथे हवी आहेस – फुलपाखरांसाठी नाही, माझ्यासाठी."